झोपेची गोळी एका दिवसात सोडू नका

आवणी झाल्यावर पहिले आठ-दहा दिवस खाचराकडे पाहवत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. राबात हिरवेगार डोलणारे रोप उपटून चिखलात लावले की ते पिवळे पडते, मान टाकते. नवखा शेतकरी घाबरून युरियाची गोण आणायला धावतो. जुना माणूस मात्र बांधावर बसून म्हणतो, "मुळी धरू दे, मग बघ." मुळी धरली की रोप आपोआप हिरवे होते. तो पिवळेपणा रोग नसतो, जागा बदलल्याचा तो त्रास असतो.

आज मला भातावर लिहायचे नाही, झोपेवर लिहायचे आहे. पण बरीच वर्षे झोपेच्या गोळीवर झोपणारा माणूस ती गोळी सोडू लागला की त्याच्या रात्रींचे नेमके असेच होते, म्हणून सुरुवात खाचरापासून केली. त्या पिवळ्या दिवसांना माणूस घाबरतो, "माझा जुना आजार उलटला" असे समजतो आणि पुन्हा गोळीकडे धावतो. दुसरा एखादा हट्टाने एका रात्रीत गोळी फेकून देतो आणि जिवावरचे संकट ओढवून घेतो. दोघेही चुकतात. दुसऱ्या प्रकारची चूक आमच्या घरात घडली आणि तिचा अर्धा दोष माझ्याकडे जातो, म्हणून ती आधी सांगतो.

लेबल वाचा म्हणणारा मी

माझी थोरली वहिनी मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावी असते. २०१२ साली माझे दादा अचानक गेले. त्यानंतर वहिनीची झोप उडाली. त्या वेळी डॉक्टरांनी तिला अल्प्राझोलमची पाव मिलिग्रॅमची गोळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली. दुःखाच्या त्या दिवसांत गोळीचा उपयोग झाला, यात शंका नाही. पण पंधरा दिवसांची गोळी सात वर्षे चालली. पावाची अर्धी झाली, अर्ध्याची एक, एकाची दीड. "भावजी, येताना कल्याणहून तेवढी पट्टी आणा. ती नाय घेतली तर डोळ्याला डोळा नाय लागत," असे ती म्हणायची आणि मी आणायचो. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही. मीही कधी विचारले नाही की ही गोळी अशी मिळते कशी.

मी कृषी खात्यात विस्ताराचे काम करतो. "औषध फवारण्याआधी डब्यावरचे लेबल वाचा, लाल-पिवळा त्रिकोण पाहा" असे गावोगावच्या सभांतून सांगण्यात माझी तीस वर्षे गेली. आणि मीच त्या गोळीच्या पट्टीवरची लाल चौकट सात वर्षांत एकदाही वाचली नाही. त्या चौकटीत स्पष्ट छापलेले असते की हे औषध वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेणे धोक्याचे आहे आणि चिठ्ठीशिवाय त्याची किरकोळ विक्री करायची नाही. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही सगळी औषधे 'शेड्यूल एच-१' या यादीत आहेत. ती विकताना दुकानदाराने रुग्णाचे नाव, डॉक्टरचे नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची, असा नियम आहे. नियम कागदावर राहिला, त्याला दुकानदाराइतकाच मीही कारण आहे.

मग २०१९ चा जुलै आला. उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली होती, तो २७ जुलैचा दिवस तुम्हाला आठवत असेल. आमच्याकडचे रस्ते बंद पडले. वहिनीची पट्टी नेमकी त्याच आठवड्यात संपली. पहिल्या रात्री ती टक्क जागी. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, घाम फुटू लागला, आवाज सहन होईना. घरच्यांना वाटले, पावसात भिजून ताप भरतोय. तिसऱ्या दिवशी सकाळी आवणीच्या खाचरात, हातात रोपाची मूठ असतानाच तिला झटका आला. ती चिखलात पालथी पडली. शेजारच्या बाईने मान वर धरली नसती तर काय झाले असते, ते मला लिहवत नाही. तिला जन्मात कधी फेफरे आलेले नव्हते.

नंतर ज्या मनोविकारतज्ज्ञांकडे तिला नेले, त्यांनी पहिला प्रश्न केला, "कोणती गोळी, किती वर्षे, आणि बंद कधी झाली?" सगळे कारण त्या तीन प्रश्नांत होते.

गोळी काय करते

आपल्या मेंदूत 'गाबा' नावाचे एक रसायन आहे. त्याचे काम ब्रेकचे. दिवसभराची धावपळ रात्री शांत व्हायला हा ब्रेक लागतो. या जातीची गोळी त्या ब्रेकचा जोर वाढवते, म्हणून झोप येते आणि भीतीही कमी वाटते. पण रोज बाहेरून जोर मिळू लागला की मेंदू आपला स्वतःचा ब्रेक ढिला सोडतो. काही आठवड्यांतच तेवढ्या गोळीने तेवढी झोप येईनाशी होते, मग माणूस मात्रा वाढवतो. अशात एके दिवशी गोळी एकदम काढून घेतली, तर उतारावरच्या ट्रॅक्टरचा ब्रेक निकामी व्हावा तसे होते. छाती धडधडते, हात कापतात, घाम फुटतो, नसलेले दिसू-ऐकू लागते, काहींना झटके येतात. हे प्राणावर बेतू शकते.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. गोळीने रात्र भरल्यासारखी वाटते, पण त्या झोपेत गाढ झोपेचा वाटा कमी असतो. जमीन वरून ओली आणि वीतभर खाली कोरडी, असा प्रकार. सकाळी डोके जड राहते. क्लोनाझेपाम आणि डायझेपामसारख्या गोळ्या अंगात लांबवर टिकतात, दुसऱ्या दिवशीही त्यांचा अंमल राहतो. अशा अवस्थेत ट्रॅक्टर चालवणे, कडबाकुट्टीत हात घालणे, पाठीवर पंप घेऊन फवारणी करणे म्हणजे काय, हे तुम्हीच ठरवा. म्हातारी माणसे रात्री लघवीला उठतात, मोरीच्या ओल्या फरशीवर तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. घरच्यांना वाटते, वयामुळे पडले. पुष्कळदा त्यात गोळीचाही हात असतो.

ही औषधे वाईट म्हणून कोणी बनवली नाहीत. १९६० साली या कुळातली पहिली गोळी, लिब्रियम, बाजारात आली आणि १९६३ साली व्हॅलियम, म्हणजे आपली डायझेपाम. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने ती शोधली. त्याआधीच्या झोपेच्या औषधांचा थोडा जास्त डोस झाला की माणूस दगावत असे. त्या मानाने ही सुरक्षित वाटली आणि जगभर वाटली गेली. सवयीचा त्रास ध्यानात यायला वीस-पंचवीस वर्षे गेली. १९८८ साली ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने सांगितले की या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नयेत. आपल्याकडे ते सांगणे खेड्यापर्यंत पोचले नाही. शेतीतल्या औषधांचे आपण हेच पाहिले आहे. बाटली आधी येते, माहिती मागून.

एकदम गोळी तुटली की काय होते, याचे मोठे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. नांदेडला लागून असलेल्या तेलंगणातल्या निजामाबाद भागात ताडीत अल्प्राझोलम, डायझेपाम आणि क्लोरल हायड्रेट मिसळले जात असे. पिणाऱ्याला वाटे, आपण ताडी पितो, आणि सवय लागे गोळीची. २०१५ च्या सप्टेंबरात सरकारने त्या ताडीवर धाड घातली. धाड योग्यच होती. पण ताडी एकाएकी बंद होताच गावेच्या गावे आजारी पडली. माणसे बरळू लागली, झटके येऊ लागले, दवाखाने भरले, काहींचे प्राणही गेले. ठाणे जिल्ह्यातही भेसळीच्या ताडीवर धाडी पडत असतात. तेव्हा घरातला ताडी पिणारा माणूस ताडी सोडल्यावर दोन दिवसांत थरथरू लागला, तर त्याला नाटक म्हणू नका. सरळ दवाखान्यात न्या.

पायरी-पायरीने

उपाय एकच, सावकाश कमी करणे. किती सावकाश? २०२५ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनांनी मिळून याची मार्गदर्शिका काढली. दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा पाच ते दहा टक्के उतरवण्याचा विचार करावा, आणि कोणत्याही दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांहून जास्त कपात करू नये, असे तिच्यात सांगितले आहे. हा आकडा वाचून उद्यापासून स्वतःच गोळीचे तुकडे पाडायला बसू नका. काही गोळ्या हळूहळू विरघळणाऱ्या असतात, त्या मोडायच्याच नसतात. काही वेळा डॉक्टर आधी जास्त टिकणाऱ्या गोळीवर नेतात आणि मग ती उतरवतात. मात्रा कोणती, पायरी केवढी, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. ज्याला आधी फेफरे आले आहे, जी बाई गरोदर आहे, जो रोज दारू घेतो, त्याने तर डॉक्टरांशिवाय पाव गोळीलाही हात लावू नये. गोळी सुटावी म्हणून रात्री हातभट्टीचा ग्लास घेणारे मी पाहिले आहेत. तोही त्याच ब्रेकवर पाय देणारा पदार्थ आहे. गोळी आणि दारू एकत्र पोटात गेली तर झोपेतच श्वास थांबू शकतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. मनाच्या आजाराची प्रत्येक गोळी झोपेची गोळी नसते. उदासीनतेवरची, भ्रमाच्या आजारावरची, फेफऱ्यावरची औषधे निराळी आहेत. क्लोनाझेपामसुद्धा काहींना फेफऱ्यासाठी दिलेली असते. हा लेख वाचून कोणी ती औषधे बंद केली तर माझ्या लिहिण्याचा उपयोग होण्याऐवजी घात होईल.

वहिनीला सोळा महिने लागले. ऑगस्ट २०१९ पासून दर तीन-चार आठवड्यांनी एक पायरी. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा दवाखान्यात जाणे बंद झाले. डॉक्टरांनी फोनवर सांगितले, "आहे त्या पायरीवर थांबा, वर चढू नका, खालीही उतरू नका." तिथे ती तीन महिने थांबली. मला वाटले, आता सगळे फुकट गेले. काही फुकट गेले नव्हते. जूनमध्ये तिथूनच पुढे उतरायला सुरुवात झाली. डिसेंबरात शेवटचा पाव तुकडा सुटला.

पायरी कोणत्या आठवड्यात उतरायची, हेही पाहावे लागते. आवणी ऐन भरात असताना, घरात लग्न असताना नवी पायरी नको. आमच्या ठाणे जिल्ह्यात हळदीच्या रात्री ढोल आणि डीजे कुठपर्यंत वाजतो, ते वेगळे सांगायला नको. त्या आठवड्यात आहे तिथेच थांबावे. आणि पावसाळ्यात डॉक्टरांना सांगून आठवडाभराची गोळी शिलकीत ठेवावी. पुराने आम्हाला शिकवलेला हा धडा आहे.

त्या पिवळ्या रात्री

आता मुख्य मुद्दा. पायरी उतरल्यावर झोपेचे काय होते? पहिल्या काही रात्री झोप उशिरा लागते, तुटते, पहाटे दोन-तीनलाच जाग येते. स्वप्ने पडतात, आणि ती इतकी ठसठशीत असतात की माणूस दचकून उठतो. गोळीने स्वप्नांची झोप दाबलेली असते, ती आता उसळी मारून वर येते. वहिनीला दादा दिसायचे, अगदी बैल सोडताना. ती रडत उठायची आणि घरात सगळे म्हणायचे, "बघा, परत सुरू झाले." हे परत सुरू झालेले नसते. गोळी कमी केल्यावर झोप आधीपेक्षाही बिघडते आणि मग हळूहळू बसते. बहुतेकांना एकेका पायरीचा त्रास आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतो. तो सरळ रेषेतही ओसरत नाही. चार रात्री बऱ्या, मग दोन वाईट. श्रावणातल्या उन्हासारखे. गोळी पूर्ण सुटल्यावरही काहींची झोप सुरळीत व्हायला काही महिने लागतात, हेही लपवून ठेवत नाही. पण झोप तुटली एवढ्याने कोणी मरत नाही. झटका, बरळणे, नसलेले दिसणे, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार, यांतले काही दिसले तर मात्र एक तासही थांबू नये.

घरच्या माणसांचे वागणे इथे फार महत्त्वाचे ठरते. सासू, मुलगा, सून, कोणीतरी कळवळून म्हणते, "घ्या एक गोळी आणि झोपा बघू." त्यांना वाईट वाटते म्हणूनच ते तसे म्हणतात. पण त्या एका वाक्याने तीन आठवड्यांचे काम मातीला मिळते. उलटपक्षी गोळ्या लपवणे, ओरडणे, "तुला व्यसन लागलंय" असे म्हणणे, हेही नको. आमच्याकडे गोळ्यांचा डबा पुतण्याकडे होता. ठरलेली मात्रा तो रोज रात्री हातावर द्यायचा आणि वर एक अक्षर बोलायचा नाही. एवढे त्याने फार चांगले सांभाळले.

झोपेची मशागत

नुसती गोळी उतरवणे पुरत नाही, त्याच वेळी झोपेची मशागतही करावी लागते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात शार्ल मोरँ यांनी ७६ वयस्कर माणसांवर हे करून पाहिले. २००४ साली त्यांनी आकडे प्रसिद्ध केले. नुसती गोळी उतरवणाऱ्यांपैकी ४८ टक्के लोकांची गोळी सुटली. गोळी उतरवताना जोडीला झोपेच्या सवयीही दुरुस्त करणाऱ्यांत ८५ टक्के लोकांची सुटली. एवढा फरक एखाद्या सुधारित बियाण्याने पडला तर आपण त्याला काय म्हणू!

या सवयींमध्ये खर्च काही नाही, हट्ट मात्र लागतो. पहिली गोष्ट वही. पर्जन्यमापकाची नोंद ठेवतो तशी नोंद ठेवायची: आडवे किती वाजता झालो, अंदाजे किती वाजता डोळा लागला, उठलो कधी. घड्याळ उशाशी ठेवायचे नाही, सकाळी अंदाजानेच लिहायचे. वहिनीच्या वहीतून पंधरा दिवसांत एक मजेदार गोष्ट निघाली. ती रात्री आठला अंथरुणावर जायची आणि पाचला उठायची. नऊ तास आडवी, त्यांत झोप पाच-साडेपाच तास. उरलेले साडेतीन तास कूस बदलत छताकडे पाहणे. डॉक्टर म्हणाले, "पाणी थोडे आणि वाफे जास्त. वाफे कमी करा." साडेदहाच्या आत अंथरुणाला पाठ लावायची नाही आणि साडेचारला उठायचेच, झोप आलेली असो वा नसो. पहिला आठवडा ती मला शिव्या घालत होती. दुसऱ्या आठवड्यापासून आडवे पडताच डोळा मिटू लागला. मग वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत नेली. अंथरुणातली वेळ अशी कमी करणे डॉक्टरांना विचारूनच करावे, कारण फार कमी झोप झटक्याच्या रोग्याला बाधते. वेळ पाच तासांच्या खाली तर कधीच आणायची नाही आणि त्या दिवसांत ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल जपून चालवायची.

दुसरे, झोप लागत नसेल तर अंथरुणात लोळत राहायचे नाही. वीसेक मिनिटे झाली असे वाटले की उठावे, ओटीवर बसावे, मंद उजेडात तांदूळ निवडावेत, जप करावा, डोळे जड झाले की परत यावे. मोबाईल मात्र हातात घेऊ नये. अंथरूण म्हणजे झोप, ही गाठ मेंदूत पुन्हा बांधायची असते.

तिसरे, उठण्याची वेळ एकच ठेवावी. गायीचे दूध काढायचे असते त्या घरात हे आपोआप होते, म्हणून गाय असलेल्या घरात झोपेच्या तक्रारी कमी, असे माझे आपले निरीक्षण आहे. त्याला शास्त्राचा आधार मागू नका. सकाळचे ऊन अंगावर घ्यावे. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत आणि तीनच्या आधी.

चहा दुपारनंतर बंद. आणि मशेरी! तिच्यावर वेगळे लिहिले पाहिजे. आपल्याकडच्या कितीतरी बायका झोपण्याआधी मशेरी लावतात, "त्याने बरे वाटते" म्हणतात. मशेरीत तंबाखू आहे आणि तंबाखूतले निकोटिन झोप उडवते. जी वस्तू झोप घालवते ती लावायची आणि मग झोपेसाठी गोळी खायची, असा हा उफराटा व्यवहार आहे. खरे सांगायचे तर आमच्या घरात गोळीपेक्षा मशेरीवरून जास्त भांडणे झाली. ती पूर्ण सुटली नाही. संध्याकाळची सुटली, सकाळची राहिली.

पुरुषांच्या बाबतीत मला दुसरेच दिसते. कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या, डोंबिवलीला चिकटलेल्या गावांतून फिरताना जुने ओळखीचे शेतकरी भेटतात. जमिनी गेल्या, खाचरांवर टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. नांगर सुटला तसे कष्टही सुटले. जेवण तेच राहिले, दुपारची झोप वाढली, रात्री समोरच्या इमारतीचे दिवे डोळ्यांवर. साठीतला माणूस सांगतो, "साहेब, पैसा आहे, झोप नाही." आणि खिशातून पट्टी काढून दाखवतो. जन्मभर चिखलणी केलेल्या शरीराला अंग मोडेल असे काम हवे असते. अशांना मी म्हणतो, कोपऱ्यात दोन गुंठे उरले असतील तर भाजी लावा. त्याने गोळी सुटेल असा माझा दावा नाही. पण सकाळी उठायला कारण मिळते, अंग दमते आणि डॉक्टरांचा उपाय लागू पडायला मदत होते.

कोणाकडे जावे

आपल्याकडे "याला ठाण्याला न्या" हा टोमणा आहे. कारण १९०१ साली सुरू झालेले प्रादेशिक मनोरुग्णालय ठाण्यात आहे. या टोमण्यापायी वहिनीही आधी तिथे जायला तयार होईना. "मी काय येडी हाय?" असे विचारून तिने मला गप्प केले होते. शेजाऱ्यांना कळेल म्हणून माणूस डॉक्टरांच्या रांगेत उभा राहत नाही आणि मेडिकलच्या काउंटरवरून सात वर्षे गोळ्या नेतो, असा हा लाजेचा हिशेब आहे. खरे पाहता मनोरुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात झोपेच्या तक्रारी घेऊन आलेली, तपासून त्याच दिवशी घरी जाणारी साधी माणसे पुष्कळ असतात. तिथे गेले म्हणजे कोंडून ठेवतात, हा समज काढून टाका. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माहिती सरकारी रुग्णालयात मिळते, आशाताईंनाही विचारता येते. जाणे शक्यच नसेल तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. 'टेलिमानस' ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती दिवसरात्र चालते, फुकट आहे आणि मराठीतून बोलता येते.

जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा. रक्तदाबाची, मधुमेहाची, अंगदुखीची जी औषधे चालू असतील तीही न्या. दारू किंवा ताडी चालू असेल तर लाज न बाळगता सांगा, कारण त्यावर मात्रा ठरते. आणि वही न्या.

हा लेख लिहायला मी बसलो त्यालाही एक कारण आहे. क्वेबेकमध्येच कारा टॅनेनबाम या डॉक्टरबाईंनी झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या वयस्कर माणसांना नुसते एक माहितीपत्रक पाठवले. गोळीचे धोके, सोप्या भाषेत माहिती आणि एकवीस आठवड्यांत कसे उतरायचे याचा चित्रांतला तक्ता. सहा महिन्यांनी पाहिले तर पत्रक मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण बंद केलेली होती. पत्रक न मिळालेल्यांत हेच प्रमाण ५ टक्के होते. २०१४ साली हे प्रसिद्ध झाले. जन्मभर पत्रके वाटलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे वाचून किती बरे वाटले असेल! करपा, तुडतुडे, खोडकिडा यांची पत्रके मी हजारोंनी वाटली. हे एक पत्रक घरातल्या घरात द्यायचे राहिले होते.

वहिनी आता रात्री दहाला झोपते आणि साडेचारला उठते. मधूनच एखादी रात्र जागी जाते, विशेषतः जुलैच्या शेवटी. तेव्हा ती ओटीवर बसून पावसाचा आवाज ऐकते. मी गावी असलो आणि मलाही जाग आली, तर दार उघडून विचारतो, "काय वहिनी, झोप नाही?" ती म्हणते, "येल. तुम्ही निजा, भावजी."